कापलेल्या जागा

दोन शब्दांमधली आवाजाची रेघ पूर्ण सरळ नव्हती. स्क्रीनवर मोठी करून पाहिली की तिच्यात बारीक थरथर दिसे. तो आत्याचा श्वास होता. भाचीने तेवढा तुकडा माउसने निवडला आणि कापला. दोन्ही शब्द एकमेकांना येऊन चिकटले.

आत्याने हयातभर स्पॅनिश शिकवलं होतं. आजारपणाने जीभ जड झाली, तरी ही एक कविता तिला तोंडपाठ होती. समुद्रावर गेलेल्या माणसाची वाट पाहणाऱ्या बाईची. भाचीने मागितली म्हणून तिने ती रेकॉर्डरसमोर म्हटली, घाम पुसत, एकेका शब्दाशी झटापट करत.

आता प्रदर्शनाच्या दालनात भिंतीवर त्या ओळी अंधुक दिसत होत्या. पहिल्या शब्दाला हात लावला की आवाज सुरू होई, पुढचे शब्द क्रमाने उजळत, आणि पाहणाऱ्याने त्यांच्यावरून हात फिरवत जायचं. अडखळणाऱ्या आवाजाला लोक कंटाळतील, असं भाची स्वतःला बजावत आली होती. मूळ आवाज ठेवायचा का, ते उद्या बघू, असं म्हणता म्हणता उद्घाटनच उद्यावर आलं होतं.

दुपारी आत्या काठी टेकत आली.

"या, नायिका आल्या," प्रोजेक्टरवाला म्हणाला.

"मानधन... आधी," आत्या म्हणाली. तो खळखळून हसला.

आत्याने पहिल्या शब्दावर बोटं टेकवली. आवाज सुरू झाला, स्वच्छ, सलग. आत्याचा चेहरा खुलला. तिचा हात दुसऱ्या शब्दाकडे निघाला, पण तोवर तो शब्द विझून तिसरा उजळला होता. तिने हात उचलून पुढे नेला. आवाज आणखी पुढे गेला. ओळ संपली तेव्हा आत्या अर्ध्यावरच होती.

तिने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा मागे राहिली.

भाचीच्या हातात केबलचं वेटोळं होतं. ती ते उगाच सोडवत आणि गुंडाळत राहिली.

"छान... झालंय," आत्या म्हणाली. मग भिंतीकडे बघतच, जराशी ओशाळून, "मलाच... जमत नाहीये गं. ही बाई... थांबतच नाही."

चूक आपलीच आहे असं आत्याला वाटत होतं. वर बघायची भाचीची हिंमत होईना.

"चला, झालं ना?" प्रोजेक्टरवाल्याने विचारलं. "हेच फायनल करून टाकतो."

"नको," भाची म्हणाली.

"आता काय राहिलं?"

"मी कापाकापी केलीय त्यात." तिने आत्याकडे पाहिलं, आत्याने तिच्याकडे. "आत्या जशी बोलली, तसंच लाव. सगळ्या थांबण्यांसकट."

"लोकांना वाटेल मशीन अडकलंय."

"वाटू दे. लोक थांबतील."