शिलाई मशीनचे चार तास

स्टुलावर चढून राहीने मीटरच्या काचेवरची धूळ ओढणीने पुसली आणि आकडा वहीत उतरवला. आजच्या आकड्यातून गेल्या रविवारचा वजा केला. साडेपंधरा युनिट.

शाळेसाठी केलेल्या घरातल्या उपकरणांच्या यादीची बेरीज मात्र अठरा पूर्णांक तीन.

वॉट गुणिले तास, भागिले हजार. यात वर्गात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. फ्रिज, पंखे, टीव्ही, सगळं बरोबर होतं. चुकत होती ती शेवटची ओळ. शिलाई मशीनची मोटर, शंभर वॉट, रोज चार तास. आठवड्याचे दोन पूर्णांक आठ युनिट. फरकही नेमका तेवढाच.

ती ओळ खोडली की हिशेब चोख जुळला असता. पण उद्या वर्गात वह्या अदलाबदल करून तपासायच्या होत्या आणि राहीची वही अमिषाकडे जाणार होती. अमिषाच्या गॅदरिंगच्या ब्लाउजचं कापड महिनाभर मशीनच्या खणात पडून होतं.

"तुझी आई नटीचे कपडे शिवते काय गं?" तिने परवाच टोमणा मारला होता.

ऑर्डरी फार आहेत, राहीने हसत ठोकून दिलं होतं. महिन्यापूर्वी रेवसच्या जेट्टीवरून लाँचने मामाकडे गेलेली आई परत आलीच नाही, हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

तिने मशीनवरची चादर काढली. सुईत दोरा न ओवताच खाली एक चिंधी सरकवली आणि पेडल दाबलं. अठ्ठावीस तास आज कुठले भरायला! पण भरतील तेवढे भरतील, मीटर तेवढं तरी पुढे सरकेल. मशीन घरघरत धावू लागलं. चिंधीवर भोकांच्या रांगा पडत गेल्या. चिंधी संपली तशी तिने ती फिरवून पुन्हा घातली. किती दिवसांनी घरात हा आवाज होता. पेडलवरचा पाय तिला काढवेना.

दिवेलागणीला फाटक वाजलं. उरणची ड्यूटी संपवून बाबा आले होते. एरवी चपला पडवीत काढून, पाय धुऊनच ते आत यायचे. आज चपलांसकट, केसांवरून हात फिरवत, भराभर थेट मधल्या दारात आले.

"कधी आलीस?"

राहीने मान वळवली. पाय आपोआप उचलला गेला.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग दोरा नसलेल्या सुईकडे. ते उंबऱ्यावरच बसले. चपलांचे पट्टे सोडवायला त्यांना बराच वेळ लागला.

"शाळेचं प्रोजेक्ट आहे," राही म्हणाली. "बंद करते."

"नको," ते मान खाली घालूनच म्हणाले. "राहू दे थोडा वेळ."

राहीने पुन्हा पेडलवर पाय ठेवला.