वाटीत उतरलेलं रक्त

"आलं! रक्त आलं!"

गोदामाच्या वरच्या हॉलमध्ये एकच गलका उठला. मागच्यांनी टाचा उंचावल्या, पुढच्यांनी हात जोडले. अमृतबाबांपुढे काचेची वाटी होती आणि वाटीत पिवळं पाणी. त्याला अत्तराचा असा घमघमाट, की डोकं भणभणावं. चाळीस दिवस आश्रमात राहून आलेल्या न्हाव्याने त्यात बोटं बुडवली मात्र, पिवळं पाणी तांबडंभडक झालं.

"चाळीस दिवसांपूर्वी ह्याच बोटांनी पाणी पिवळंच राहिलं होतं की नाही?" बाबांनी विचारलं.

"होतं, होतं!"

"डॉक्टर काय करतो? असलेलं रक्तही सुई टोचून काढून घेतो!" हशा पिकला तसे बाबा आणखी रंगात आले. "आणि वर लोखंडाच्या गोळ्या देतो. अरे, लोखंड ओलं झालं की गंजतं. पोटात तर बारा महिने ओल! हा गंज पोटातून काळाकुट्ट होऊन बाहेर पडतो. कुणी पाहिलाय?"

लेकीसोबत भिंतीला टेकून उभी असलेली आई दचकली. तिने पाहिला होता.

ती लाँड्रीत कपडे धुवायची. सतरा वर्षांची तिची लेक, चिमणी, गेले तीन महिने दोन जिने चढली तरी धापा टाकत होती. दवाखान्यात रक्त तपासलं, लोह थोडं कमी निघालं, फुकट गोळ्या मिळाल्या. आठवड्याने चिमणी म्हणाली, "आई, संडासला काळं होतंय गं." आईने घाबरून गोळ्या फळीवर ठेवून दिल्या आणि कामावरून सुटल्या सुटल्या, तशाच हातांनी, लेकीला घेऊन इथे आली.

दारात शुद्धीच्या पाण्याच्या दोन घागरी होत्या. सेवेकऱ्याने उजवीकडच्या घागरीतलं जेमतेम चमचाभर पाणी दोघींच्या बोटांवर शिंपडलं. चिमणीने वाटीत बोटं घातली. पाणी पिवळंच राहिलं.

"आटलंय," बाबा खोल आवाजात म्हणाले. "आई, तूही घाल. आईचंच आटलं असेल तर लेकीला कुठून येणार?"

आईने हात घातला. पाणी लाल झालं. न्हाव्याच्या वाटीहून लाल.

बाबांनी सेवेकऱ्याकडे रागाने पाहिलं, त्याने नकारार्थी मान हलवली. मग बाबांनी डोळे मिटले आणि उघडले ते थेट आईवर रोखून.

"तू पितेस हिचं रक्त! कळत नाही तुला, पण पितेस. तुझ्या स्पर्शातून ओढलं जातंय ते. शुक्रवारी पोरीला इथे आणून सोड, आश्रमात ठेवू. चाळीस दिवस फक्त माझं पाणी, अन्नाचा कण नाही. आणि तोवर हिला हात लावू नकोस."

शेजारच्या बाईने आपलं मूल आईपासून लांब ओढलं.

घरी आल्यावर आईने ताट वाढलं आणि जमिनीवरून लेकीकडे सरकवलं. चिमणी बघतच राहिली. "मी काय मांजर आहे का गं, ताट सरकवायला?"

लेकीच्या केसांचा गुंता झाला, तरी आईने फणी हातात घेतली नाही. सकाळी जिन्यावर चिमणीला चक्कर आली, तेव्हा आईचा हात पुढे गेला आणि वाटेतच थिजला. तिने टॉवेलचं टोक पुढे केलं. चिमणी ते न धरता कठड्याला टेकून हळूहळू खाली बसली.

रोज दिवा लावल्याशिवाय आई पाण्याचा घोटही घेत नसे. त्या दिवशी दिव्यापुढे तिला नेहमीचे शब्द आठवेनात. "देवा, मी पीत असेन तर मला ने," एवढंच ती म्हणाली. सतरा वर्षं ह्याच हातांनी भरवलं, न्हाऊ घातलं, ताप पाहिला. आता ते हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना.

गुरुवारी लाँड्रीत हॉटेलचं गाठोडं आलं. डाग काढायचं काम म्हातारीकडे. सगळ्याजणी तिला डागमावशीच म्हणत. पांढऱ्या टेबलक्लॉथवर हळदीचा मोठा डाग होता. मावशीने धुण्याचा सोडा चोळला, तसा डाग तांबडाभडक झाला.

आईच्या हातातली बादली पडली.

"अगं, पाय फोडशील माझा! भूत पाहिलंस का?"

"मावशी... हे लाल झालं."

"हळदीला सोडा लागला, लाल होणार नाही तर काय हिरवं होणार? वीस वर्षं इथे राबतेस, पहिल्यांदा बघतेस होय?" मावशीने डागावर लिंबू पिळलं. लाल ओसरून पुन्हा पिवळं आलं.

आईने आपले हात पुढे धरले. नखांच्या कडेला, बोटांच्या भेगांत सोडा पांढरा वाळून बसला होता. ती रडता रडता सगळं सांगून मोकळी झाली. मावशी तिला समजावत बसली नाही. फक्त म्हणाली, "अत्तर का ओततो, कळलं ना? हळदीचा वास दाबायला. उद्या मीही येते."

शुक्रवारी हॉल खच्चून भरला होता. आज आईने आपले हात लिंबाने चोळून धुतले होते आणि लेकीच्या बोटांना ओला सोडा लावून वाळवला होता. सेवेकऱ्याने शिंपडलेल्या थेंबांनी तो काही जाणार नव्हता.

"सोडून जा पोरीला," बाबा म्हणाले.

"सोडते, बाबा. एकदाच वाटी दाखवा." तिचा आवाज इतका हळू होता, की पुढच्या रांगेलाच ऐकू गेला असेल.

बाबांना नाही म्हणता येईना. चिमणीने बोटं बुडवली. पाणी लालेलाल! दुसऱ्या वाटीत आईने हात घातला, पाणी पिवळं ते पिवळंच.

"आता काय म्हणू, बाबा? आता लेक माझं पिते का?"

"मी पोटभर प्यायले तर!" चिमणी म्हणाली आणि कुणीतरी फिसकन हसलं.

"श्रद्धा नाही तिथे पाणी फिरतं!" बाबा ओरडले.

"मग फिरवतेच," म्हणत आईने मुठीतलं अर्धं लिंबू लाल वाटीत पिळलं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाणी पिवळं झालं. तोवर डागमावशी दारातल्या घागरीत हात घालून मोकळी झाली होती. "अगं बायांनो, डाव्या घागरीतलं पाणी बुळबुळीत लागतंय! हा सोडा मी झोपेतही ओळखेन. नव्या माणसाला उजवीकडचं साधं पाणी, चाळीस दिवस राहून आलेल्याला डावीकडचं. आम्हा लाँड्रीतल्या बायांच्या हातावर सोडा असतोच, म्हणून ह्याचं गणित फसलं. अन् फसलं तर आईलाच चेटकीण केलं मेल्याने!"

न्हावी आपल्या बोटांकडे बघत राहिला. चाळीस दिवसांत त्याच्या गालांची हाडं वर आली होती, ती आता सगळ्यांना दिसली. बाबा मागच्या दाराकडे वळले, पण तिथे न्हाव्याची बायको वाट अडवून उभी होती.

आई लेकीला घेऊन तिथून थेट दवाखान्यात गेली. नर्सबाईंनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. "गोळ्यांनी काळं होतंच, ताई. मी आधीच सांगायला हवं होतं, चूक माझी. गोळी कशासोबत देत होतात?"

"चहासोबत. पोटाला ऊब म्हणून."

"चहाने लोह अंगी लागत नाही. गोळ्या पुन्हा सुरू करा, पण तासभर आधी आणि नंतर चहा नको. महागडं काही आणू नका. मोड आलेलं कडधान्य, पालेभाजी, भाजायला लोखंडी तवा. आणि वरून लिंबू पिळा, लोह चांगलं लागतं. पाळीत फार रक्त जात असेल तर लपवू नकोस गं चिमणे. महिन्याने पुन्हा तपासू."

लिंबू! आईने पिशवीत हात घातला. उरलेलं अर्धं तिथेच होतं.

त्या संध्याकाळी तिने ते मुगाच्या वाटीवर पिळलं. मग लेकीला पुढ्यात बसवून पाच दिवसांचा गुंता सोडवायला घेतला.

"दुखतंय गं, हळू!"

"दुखू दे," आई म्हणाली. तिचे दोन्ही हात लेकीच्या डोक्यावर होते.

दुसऱ्या दिवशी तिने नेहमीसारखा दिवा लावला. देवापुढे हात जोडणं तिने सोडलं नाही, सोडूही नये. पण जो आईला लेकीपासून हात आखडायला लावतो, तो देवाचा माणूस नव्हे, एवढं तिला कळलं होतं. तुम्हीही असं काही पाहाल तेव्हा हात जोडण्याआधी विचारा, पाणी कशाने लाल झालं? आणि घरात कुणी फिकट पडलं असेल तर आधी दवाखाना गाठा. तिथे सुईने घेतात ते चार थेंब. माणसाला चाळीस दिवस उपाशी ठेवत नाहीत.