सतरावे माणूस

पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडायला शाळेच्या व्यायामशाळेत प्रभागातली एकशे बारा माणसे जमली होती. त्यांचे पंधरा टक्के म्हणजे सोळा आणि वर थोडे. पण माणसाचा अपूर्णांक होत नाही, म्हणून सतरा. ज्या उमेदवाराच्या कोपऱ्यात सतरा माणसे उभी राहणार नाहीत, तो या प्रभागापुरता संपला. मार्सीन पेल्झरच्या कोपऱ्यात चौदा होती.

भिंतीवर तिने स्वतःच्या हाताने आपल्या उमेदवाराचे, सिनेटरचे, नाव चिकटवले होते. याच शाळेत तिने एकतीस वर्षे तिसरीचा वर्ग शिकवला होता. समोर उभ्या असलेल्यांपैकी निम्म्यांना पाढे तिने शिकवले होते आणि निम्म्यांनी तिचे ऐकून घेण्याची सवय अजून सोडली नव्हती. सप्टेंबरपासून तिने चारशे दारे ठोठावली होती. नोव्हेंबरात सिनेटर तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. चिलीच्या, म्हणजे खिमा-राजम्याच्या तिखट रश्श्याच्या, वाडग्यात दालचिनीचा रोल बुडवून खाताना डुकराच्या मांसाच्या कारखान्यातली साखळी मिनिटाला कापलेल्या डुकरांची किती धडे पुढे नेते, हे त्याने विचारले आणि उत्तर वहीत लिहून घेतले. असा प्रश्न विचारणारा राजकारणी मार्सीनने आयुष्यात पाहिला नव्हता. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाने कुणाला उभे करावे, याबद्दल तिच्या मनात त्या दिवसापासून शंका उरली नाही.

समोरच्या मोठ्या कोपऱ्यात दुसरा उमेदवार असलेल्या गव्हर्नरची माणसे होती, एकसष्ट. त्यांचा म्होरक्या गेलन स्ट्रो हा त्याच कारखान्यात पाळीप्रमुख होता. बास्केटबॉलच्या जाळीखाली तिसऱ्या उमेदवाराची, जनरलची, पस्तीस. आणि मधोमध, कुणाचेच नसलेले, डेल्बर्ट आणि त्याची बायको घडीच्या खुर्च्यांवर कोट न काढता बसले होते.

"अर्धा तास," अध्यक्ष व्हर्लिन हाकने ध्वनिवर्धकातून सांगितले. तो गावातला औषधवाला. "ज्यांना जागा बदलायची त्यांनी बदला. भांडा, पण धक्काबुक्की नको. माझ्याकडे आज मलमपट्टी नाही."

गेलन हातात कॉफी घेऊन सरळ मार्सीनच्या कोपऱ्यात आला. "मार्सीन, तुझा सिनेटर माणूस चांगला आहे, कोण नाही म्हणतो? पण नोव्हेंबरात, खऱ्या निवडणुकीला, मतं चांगल्या माणसाला पडत नाहीत. निवडून येणाऱ्याला पडतात."

"मतं पडली की माणूस निवडून येतो, गेलन. तू उलटं शिकलास. माझ्या वर्गातही तसंच करायचास."

"गव्हर्नर तीन राज्यं ओढून आणेल."

"ओढून कुठं नेईल?" डेल्बर्ट खुर्चीवरूनच म्हणाला. "तुझ्या गव्हर्नरला डुक्कर कुठल्या बाजूनं खातं ते तरी ठाऊक आहे का?"

"ठाऊक कशाला हवं? डुकरं थोडीच मत देतात?"

"गेल्या खेपेचा निकाल बघून मला तशी शंका आली होती," डेल्बर्ट म्हणाला, आणि आजूबाजूचे हसले.

हसू ओसरल्यावर मार्सीन त्याच्या खुर्चीशी गेली. त्याच्या नातवाची दोन बोटे त्या साखळीवर गेली होती. त्याबद्दल ती काही बोलली नाही. सिनेटरने वहीत काय लिहून घेतले, तेवढेच तिने सांगितले. डेल्बर्टने बायकोकडे पाहिले. बायको म्हणाली, "ऊठ. नाहीतरी तिकडे हीटर आहे." सोळा झाली.

घड्याळात सात मिनिटे उरली होती. जनरलची माणसे हलणारी नव्हती. मार्सीनने गव्हर्नरच्या घोळक्यावर नजर फिरवली, आणि मागच्या रांगेत, दुमडलेल्या कुस्तीच्या गाद्यांना टेकून उभी असलेली ओडिलिया सोंताय तिला दिसली.

ओडिलियाला तिने तीन हिवाळे चर्चच्या तळघरात इंग्रजी शिकवले होते, मग नागरिकत्वाच्या परीक्षेचे शंभर प्रश्न. शपथेच्या दिवशी ग्वातेमालाहून आणलेली विणलेली पट्टी ओडिलियाने मार्सीनच्या गळ्यात घातली होती. त्या कारखान्यात अकरा वर्षे सुरी चालवून तिची दोन्ही मनगटे गेली होती; दोन्हीवर शस्त्रक्रियेचे व्रण होते. सिनेटर आला त्या दिवशी मार्सीनने तिला मुद्दाम बोलावून घेतले होते. त्याच्या वहीतला आकडा ओडिलियानेच सांगितलेला होता.

मग ती त्या कोपऱ्यात का? मार्सीनला उत्तर लगेच सापडले: गेलन स्ट्रो. भीती. आणि भीतीवरचा इलाज तिने आयुष्यभर एकच जाणला होता. जी मुलगी मागच्या बाकावर मान खाली घालून बसते, तिला नावाने हाक मारायची, उभे करायचे, उत्तर द्यायला लावायचे. उत्तर बहुतेक वेळा बरोबर असते.

ती व्यायामशाळेच्या मधोमध, रंगवलेल्या वर्तुळावर जाऊन उभी राहिली.

"ओडिलिया सोंताय."

तो वर्गातला आवाज होता. बोलणी थांबली.

ओडिलिया गर्दीतून पुढे आली. "काय, बाई?" तिने खालच्या आवाजात विचारले.

"तू सिनेटरला स्वतः सांगितलंस ना साखळीबद्दल? मनगटं दाखवलीस ना?"

ओडिलियाने मागे पाहिले नाही. पण तिचे खांदे आक्रसले. "बाई, मी इथं बरी आहे. खरंच."

"शंभर प्रश्नांतला कुठला तुला सगळ्यांत आवडायचा?"

"बाई, घरी बोलू या का आपण?"

"नागरिकाला मत देताना कुणाची भीती बाळगावी लागते?"

एकशे दहा माणसे ऐकत होती. मार्सीनला वाटले, ही पोर धैर्य गोळा करते आहे. "कुणाचीच नाही," ओडिलिया अखेर म्हणाली, जसे ती तळघरात म्हणायची. मार्सीनने हात पुढे केला. ओडिलियाने तो धरला आणि दोघी मिळून त्या चकचकीत फरशीवरून चालत आल्या. टाळ्या वाजल्या. जनरलच्या माणसांनीही वाजवल्या. गेलन स्ट्रोने वाजवल्या नाहीत, पण चेहराही वाईट केला नाही. त्याने फक्त कॉफीचा कागदी पेला हळूहळू चुरगळून कोटाच्या खिशात ठेवला.

सतरा. परगण्याच्या अधिवेशनाला जाणाऱ्या प्रभागाच्या सहा प्रतिनिधींपैकी एक सिनेटरला मिळाला. तो मान ओडिलियालाच द्यायचा, असे डेल्बर्टने सुचवले, आणि सर्वांनी हात वर केले. पर्यायी प्रतिनिधी म्हणून मार्सीनचे नाव लिहिले गेले. फॉर्मवर सही करताना ओडिलियाने पेन मुठीत धरले होते. बोटांत धरणे तिला जमत नसे.

आठ दिवसांनी न्यू हॅम्पशायर राज्यातल्या पक्षाच्या मतदानाचा निकाल लागला. सिनेटर पाचवा आला. दुसऱ्या दिवशी दुपारी पत्नीचा हात धरून त्याने मोहीम थांबवल्याचे जाहीर केले. मार्सीनने दूरदर्शन बंद केले, अंगणातली पाटी बर्फातून उपटून काढली आणि गॅरेजमध्ये बरण्यांच्या मागे उभी केली. तिला दुःख झाले, पण ते ओळखीचे होते. चाळीस वर्षांत तिची बरीच माणसे हरली होती.

महिन्याच्या शेवटी किराणा दुकानात तिला ओडिलिया भेटली. दुधाचा कॅन ती दोन्ही कोपरांत दाबून ढकलगाडीत ठेवू पाहत होती. मार्सीनने पुढे होऊन तो घेतला.

"हे काय झालं? मनगटं तर बरी होत आली होती."

"परत साखळीवर आहे, बाई. सुरीवर."

"पण तुला तर लेबलं लावायच्या खोलीत काम दिलं होतं."

"ते गेलनसाहेबांनी दिलं होतं. शस्त्रक्रियेनंतर. कागदावर नव्हतं ते कुठं." ओडिलिया शांतपणे सांगत होती, जणू दुसऱ्या कुणाची हकिगत. "सभेनंतरच्या सोमवारी म्हणाले, लेबलांकडे माणूस जास्त झालाय. रागावून नाही म्हणाले. माझ्या मुलाचीसुद्धा चौकशी केली."

"हे बेकायदेशीर आहे. आपण तक्रार करू. मी वकिलाला—"

"कशाची तक्रार, बाई? माझं मूळ काम सुरीचंच आहे. तसं लिहिलंय."

मार्सीनच्या हातातला कॅन गार होता. "तू तेव्हा का नाही सांगितलंस? एका शब्दानं सांगायचंस."

ओडिलियाने तिच्याकडे प्रथमच सरळ पाहिले. "सांगितलं होतं. मी इथं बरी आहे म्हणाले. तुम्ही सगळ्यांसमोर नाव घेतलंत. तुम्ही नाव घेतल्यावर मी कधी उत्तर दिलं नाही, असं झालंय का?"

मार्सीनने कॅन गाडीत ठेवला. ओडिलियानेच गाडी थोडी मागे घेऊन तिला वाट करून दिली.

मार्चच्या दुसऱ्या शनिवारी परगण्याचे अधिवेशन होते. प्रदर्शनाच्या मैदानातल्या पत्र्याच्या सभागृहात घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. त्या आठवड्यात ओडिलियाने काम सोडले, हे मार्सीनला डेल्बर्टकडून कळले होते. सुरी हातातून दोनदा निसटली. दुसऱ्या खेपेला शेजारणीच्या पायाशी पडली. मुलाला घेऊन ती नेब्रास्कात भावाकडे निघून गेली होती. वर्गासाठी मार्सीनने दिलेली चर्चच्या तळघराची किल्ली तिने पाकिटात घालून मार्सीनच्या टपालपेटीत टाकली होती. सोबत चिठ्ठी नव्हती.

गेलन स्ट्रो दारातच भेटला. "मार्सीन, ये. कॉफी घे." आवाजात कुचेष्टा नव्हती. "तुझा माणूस गेला, आता तू मोकळी आहेस. आमच्याकडे ये. शेवटी सगळ्यांना एकाच बाजूला यायचंय ना?"

"तू तिला परत सुरीवर का घातलंस?"

गेलनने कॉफीत साखर टाकून ती बराच वेळ ढवळली. "माझ्यावरही माणसं आहेत. सभेला त्यांतलेही होते. तुझा सिनेटर भाषणांत साखळीचा आकडा सांगत फिरत होता. तो बाहेर कुणी सांगितला, हे त्यांना महिनाभर कळत नव्हतं." मग तो हळूच म्हणाला, "ते तू भर सभेत सांगितलंस."

व्हर्लिन हाकने हजेरी सुरू केली. तो एकेक नाव वाचे, आणि खुर्च्यांतून हात वर येत.

"ओडिलिया सोंताय."

कुणी उत्तर दिले नाही. तळघरात ती नेहमी पहिल्याच हाकेला उत्तर देई, खणखणीत, आणि लगेच स्वतःशीच लाजे.

"ओडिलिया सोंताय," व्हर्लिनने पुन्हा वाचले. नियम तीन वेळांचा होता. मग यादीतल्या पुढच्या ओळीकडे बोट नेऊन त्याने चष्म्यावरून पाहिले. "ओडिलिया सोंताय. नाही? मग पर्यायी प्रतिनिधी कोण आहे? मार्सीन, तू आहेस ना इथं? हात वर कर, म्हणजे मला लिहिता येईल."

मार्सीन उठली. हात वर केल्याशिवाय ते नाव खोडले जाणार नव्हते, आणि खोडल्याशिवाय तिचे लिहिले जाणार नव्हते. सभागृहातली माणसे वळून पाहू लागली. ती उभीच राहिली, दोन्ही हात कोटाच्या खिशात. एका खिशात किल्ली होती.

"गैरहजर लिही," ती म्हणाली. "दोघीही."