पुसता न येणारी ओळ

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, पण शाळेतला नव्हे. शाळेतल्या फळ्यांचा थाट वेगळा. त्यांच्यापुढे मुले हाताची घडी घालून बसतात. मी एका लहानशा खाणावळीच्या दारात, फुटपाथवर उभा असतो आणि माझ्यापुढे भुकेली माणसे येऊन थांबतात. आज माझी गोष्ट सांगणार आहे, ती काही कौतुकाची नाही. माझ्या हातून एक चूक झाली. फळ्याला हात नसतात हे मलाही कळते, तरी पण ती माझीच चूक आहे असे मला वाटते. का ते सांगतो.

मी आधी एका कपाटाचे दार होतो. कपाट वाळवीने खाल्ले, मी तेवढा वाचलो. किल्लीचे भोक अजून माझ्या उजव्या कडेला आहे. एक सुतारदादा रोज दुपारी या खाणावळीत जेवायला येत. खाणावळ चालवणारी बाई साऱ्या गल्लीची मावशी. वयाने तिच्याहून मोठी असलेली माणसेही तिला मावशीच म्हणत. सहा टेबले, मागे स्वयंपाकघर, आणि येणारा प्रत्येक जण विचारायचा, "मावशी, आज काय आहे?" मग मावशी पहिल्यापासून सगळे सांगायची.

एक दिवस सुतारदादा म्हणाले, "पाढे म्हटल्यासारखं दिवसभर तेच तेच काय सांगतेस? घसा बसेल एखाद्या दिवशी." दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन आले. रंधा मारून, काळा रंग देऊन त्यांनी मला दोन पाय जोडले होते आणि किल्लीच्या भोकातून दोरी ओवून तिला पुसायचे फडके बांधले होते. सुतारदादांना वाटले, खडू जपून वापरला तर झाले. खरी जपायची गोष्ट ते फडके होते, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते.

मावशीची कामाची एक रीत होती. सकाळी बाजारातून पिशव्या आल्या की ती मला आत, स्वयंपाकघराच्या दाराशी टेकवून ठेवायची. भात, घेवड्याची भाजी, भोपळ्याचे सूप, काकडी-टोमॅटोचे सॅलड, जे काही त्या दिवशी असेल ते एकेक तयार व्हायचे. प्रत्येक पदार्थ ती तळहातावर घेऊन चाखायची, मान डोलवायची आणि मगच ओले हात पुसून माझ्यावर त्याचे नाव लिहायची. चाखल्याशिवाय एक अक्षर लिहायची नाही. नावापुढे "आजचे" असा शब्द हमखास असे. भात, आजचा. भाजी, आजची. एवढे लिहून झाले की मला उचलून बाहेर ठेवायचे.

आणि पदार्थ संपला की आतून हाक यायची, "पूस रे!" वाढणारा जो कोणी असेल तो धावत येऊन ती ओळ पुसायचा. दुपार कलली की मी कोरा व्हायचो. कोरा फळा दिसला की लांबूनच लोक माघारी वळत. फळ्यावर असेल ते घरात आहे, नसेल ते नाही, असा माझा लौकिक होता. खरे सांगतो मित्रांनो, त्या लौकिकाने माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचे.

माझे सर्वांत इमानी वाचक म्हणजे समोरचे शिंपीकाका. रस्त्यापलीकडे त्यांचे दुकान, शिलाईचे यंत्र अगदी दाराशी. ते मावशीला मावशी म्हणत आणि मावशी त्यांना काका म्हणे. दोघांत मोठे कोण हे कधीच ठरले नाही. काकांच्या पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली होती. घरी ते एकटेच. डॉक्टरांनी बजावले होते की खायचे ते ताजे, नाहीतर उपाशी राहायचे. परगावची लेक फोनवर रागवायची, "बाबा, बाहेरचं खाऊ नका." काका म्हणायचे, "बाहेरचं कुठे खातो गं? समोरचं खातो."

ते बरोबर एक वाजता यायचे. गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवून मला वरपासून खालपर्यंत वाचायचे, ओठ हलवत, वर्तमानपत्र वाचल्यासारखे. आत जाऊन कधी चौकशी करायचे नाहीत. सॅलड त्यांच्या विशेष आवडीचे. "कच्चं खायला धीर लागतो मावशी," ते म्हणायचे, "आणि तो धीर मला तुझ्या फळ्यामुळे येतो."

पुढे मावशीचे गुडघे धरले. तिला फार वेळ उभे राहवेना. मग तिचा भाचा आला. चाळिशीतला, गोल चेहऱ्याचा, मेहनती माणूस. आधी तो कुठल्याशा कचेरीत होता, त्यामुळे प्रत्येक कामात सोय बघायची त्याला सवय. गल्लीने लगेच त्याचे भाचेबुवा करून टाकले. त्याच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. मावशीची बसायची खुर्ची त्यानेच स्वतः गादी शिवून मऊ केली.

रोज त्या दुखऱ्या गुडघ्यांनी वाकून मावशी सात-आठ वेळा "आजचे, आजचे" लिहिते, हे भाचेबुवांना बघवेना. मावशीच्या साठाव्या वाढदिवसाला त्याने पांढऱ्या ऑइलपेंटने माझ्या माथ्यावर टपोऱ्या अक्षरांत लिहिले: सगळे आजचे, ताजे. आणि खाली एक वेलबुट्टी काढली.

मावशीने अक्षरांवरून बोट फिरवले. "सुरेख झालंय रे," ती म्हणाली. "पण हे पुसायचं झालं तर?"

"ताजं कशाला पुसायचं मावशी? आपल्याकडे शिळं असतंच कधी?"

मावशी हसली.  आणि मी? मी तर फुशारूनच गेलो. इतकी वर्षे माझ्यावरचे प्रत्येक अक्षर संध्याकाळी फडक्यात जायचे. आता माझे स्वतःचे, हक्काचे असे काही झाले. जाणारे-येणारे थांबून वेलबुट्टीचे कौतुक करत. त्या दिवसांत दोरीला लटकणारे फडके मला अगदी गरीब नातेवाइकासारखे वाटू लागले होते. आता हे आठवले की लाज वाटते.

मग मावशी डॉक्टरांना गुडघे दाखवायला चार दिवस परगावी बहिणीकडे गेली. जाताना भाच्याला म्हणाली, "चाखल्याशिवाय लिहू नकोस." त्याने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी रस्ता खणायला माणसे आली. धुळीने गिऱ्हाईक आलेच नाही. दह्यातले काकडी-कांद्याचे सॅलड मोठे पातेलेभर उरले. भाचेबुवांनी ते झाकून फ्रीजमध्ये ठेवले. त्या रात्री खोदकामात तार तुटून वीज गेली होती. सकाळी फ्रीजखाली पाण्याचे थारोळे होते. ते त्याने पुसले, म्हणजे त्याला दिसले होते.

मी तिथेच दाराशी टेकलेलो होतो, मित्रांनो. मी सगळे पाहिले. त्याने पातेल्याचे झाकण काढले, वास घेतला, जरा थांबला. टाकून द्यायला त्याचा हात धजेना. मग त्याने दोन काकड्या ताज्या चिरून वर घातल्या, लिंबू पिळले, चमच्याने ढवळले. चाखले मात्र नाही. नंतर माझ्याकडे आला आणि खडूने लिहिले: सॅलड. फक्त एवढेच. पुढचे लिहायची गरज नव्हती. ते वर आधीच लिहिलेले होते.

एक वाजता काका आले. चष्मा चढवला. वरपासून वाचायला सुरुवात केली. "सगळे आजचे, ताजे," ते पुटपुटले आणि तृप्त होऊन आत गेले. मला ओरडायचे होते. कोसळून त्यांच्या पायांवर पडावे, निदान त्यांना लंगडत घरी तरी जावे लागेल, असेही मनात आले. पण मी लाकडाचा. उभा राहिलो, सुंदर वेलबुट्टीसकट. आतून त्यांचा आवाज आला, "सॅलड आणखी जरा वाढ रे!"

दुसऱ्या दिवशी समोरचे यंत्र वाजले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. त्या यंत्राची खडखड मी वर्षानुवर्षे ऐकत आलो होतो. ती थांबल्यावर कळले की गल्ली किती मोठी आहे. काका इस्पितळात होते. सलाईन लावले होते, लेक धावत आली होती. दोन दिवस तर डॉक्टर काही बोलायलाच तयार नव्हते.

मावशी परतली. काकांची बातमी तिला गल्लीच्या तोंडाशीच कळली होती. पिशवी खाली ठेवण्याआधीच तिने भाच्याला विचारले, "परवाचं सॅलड कधीचं होतं?"

"थोडं आदल्या दिवशीचं होतं," तो म्हणाला. "वर ताजं घातलं होतं."

"आणि फळ्यावर काय लिहिलंस?"

भाचेबुवांचे तोंड उतरले. "मी कुठे काय लिहिलं मावशी? फक्त सॅलड लिहिलं. वरचं तर आधीपासूनच आहे."

मित्रांनो, हे अगदी खरे होते. त्या दिवशी खोटे कोणीच लिहिले नव्हते. मावशी गावात नव्हती. भाच्याने एकच शब्द लिहिला होता आणि तो खरा होता. मग काकांशी खोटे बोलले कोण? उरलो मी. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि मी त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून उभा राहिलो. तेव्हापासून हा काटा माझ्या लाकडात रुतून बसला आहे.

तीन आठवड्यांनी काका हळूहळू चालत आले. सदरा अंगावर लोंबत होता. लेक त्यांचा दंड धरून होती. "हिला समजव जरा मावशी," ते म्हणाले. "म्हणते, समोरच्याच जेवणाने झालं. मी डॉक्टरांनाही ठणकावून सांगितलं, तिथलं नव्हे. तिथं फळ्यावर लिहिलेलं असतं."

मला तोंड लपवायला जागा नव्हती. मावशीने टेबलाचा आधार घेतला. चार टेबलांवर माणसे जेवत होती. सगळ्यांदेखत ती म्हणाली, "काका, इथलंच होतं. सॅलड शिळं होतं. फळा खोटा होता."

काकांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला नाही. "बरं," एवढेच म्हणाले आणि लेकीबरोबर रस्ता ओलांडून गेले.

त्या दुपारी मावशीने मला आडवे घातले आणि सुरीने ती ओळ खरवडायला बसली. भाचा म्हणाला, "दे, मी करतो." त्याने खाली मान घालून संध्याकाळपर्यंत खरवडले. वेलबुट्टी गेली, अक्षरे गेली. चरे राहिले. सकाळचे तिरपे ऊन पडले की ती ओळ अजून वाचता येते. निदान मला तरी येते.

काका यायचे बंद झाले. पण रोज एक वाजता यंत्र थांबे. ते आपल्या दारातूनच चष्मा चढवून मला वाचत आणि मग डब्यातली पेज खायला बसत. महिना गेला. मावशी पुन्हा वाकून, कण्हत, चाखून चाखून लिहू लागली होती.

मग एकदा भात उरला. चांगला होता, पण कालचा. मावशीने तो परतला, चाखला आणि माझ्यावर लिहिले: भात, कालचा, परतलेला.

भाचा घाबरला. "मावशी, असं लिहिलं तर कोण फिरकेल?"

"नाही फिरकलं तर आपण खाऊ," मावशी म्हणाली.

एक वाजता यंत्र थांबले. काकांनी पलीकडून वाचले. मग दोन पावले पुढे येऊन पुन्हा वाचले. मग रस्ता ओलांडून अगदी माझ्या नाकासमोर आले आणि "कालचा" या शब्दावर बोट ठेवले. खडूचे पांढरे त्यांच्या बोटाला लागले. आत जाऊन ते नेहमीच्या जागेवर बसले.

"जे जे आजचं लिहिलंय," ते म्हणाले, "ते वाढ."

आता ते रोज येतात. सूप पितात, भाजी मागून घेतात, भाचेबुवांची थट्टाही करतात. सॅलडची वाटी मात्र हळूच बाजूला सारतात. मावशी ती दररोज वाढते, त्यांच्यादेखत चिरून. ते रोज "राहू दे गं" म्हणतात. सगळे माफ झाले, तेवढे नाही. आणि दारातून मला ते रोज दिसते.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो. एक पाय डुगडुगतो, कडेचे लाकूड पिचले आहे. मला जपा असे मी म्हणणार नाही. नवा रंग नको, वेलबुट्टी नको. माझी एकच विनवणी आहे. संध्याकाळी ते फडके ओले करा आणि मला स्वच्छ पुसा. खरे असेल तेही पुसा. सकाळी पुन्हा चाखा आणि पुन्हा लिहा. हात दुखेल, गुडघे दुखतील. पण एक वाजता कोणीतरी चष्मा चढवून माझ्यापुढे उभे राहणार आहे, आणि ते काही विचारणार नाही.