माईने फुंकलेले आकडे

दगड कापायच्या कारखान्यातली भुकटी खाऊन खाऊन माईच्या लेकाची छाती निकामी होत चालली होती. दवाखान्यात एक नवं औषध माणसांवर तपासून पाहत होते, त्यात त्याची वर्णी लागली. रोज सकाळी घरीच यंत्राच्या नळीत जोरात फुंकायचं, आकडा आपोआप दवाखान्यात पोचायचा.

सुरुवातीला त्याने फुंकलं. आकडा घसरतच गेला.

"असाच उतरत राहिला तर यादीतून नाव काढून टाकतील हो," सून म्हणाली.

माईला ते सोसवेना. तिचा लेक आणि नापास? सून न्हाणीघरात गेली की माई नळी स्वतःच्याच तोंडाला लावू लागली. लेक झोपेत. उठल्यावर तोही फुंकायचा, पण यंत्र दिवसातला पहिलाच आकडा धाडायचं. साऱ्या गल्लीला धाकात ठेवणारी छाती ती, आकडा झरझर वर चढला.

दोन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी तिघांना बोलावलं. लेक बसल्या जागी धापा टाकत होता.

"बाकी सगळ्यांचं औषध आम्ही बंद केलं, आजी."

"का? संपलं की काय?"

"त्याने दम आणखी कमी होतो. कुणाचा दम मुळातच दांडगा, कुणाचा बेताचा, म्हणून एकाची दुसऱ्याशी तुलना करत नाही आम्ही. ज्याची त्याची फुंक त्याच्याच आधीच्या फुंकींशी ताडून पाहिली. सगळ्यांची उतरलीय, आणि नुसत्या योगायोगाने उतरावी त्याहून कितीतरी जास्त. एकट्या तुमच्या मुलाची चढलीय. धाप दिसतेय, पण आकडे चांगले आहेत. याला उद्यापासून दुप्पट देऊन बघू."

"द्या, बाई," सून हरखून म्हणाली.

माईने टेबलावरच्या तसल्याच यंत्राची नळी उचलली आणि फुंकली. यंत्रावर लेकाचा सकाळचाच आकडा उमटला.

डॉक्टरीणबाई आकड्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी लेकाच्या हातातली गोळ्यांची डबी काढून घेतली.

"कधीपासून?" लेकाने विचारलं.

"तुझा पडायला लागला तेव्हापासून. मला वाटलं, तुला काढतील."

"काढलं असतं तर बरं झालं असतं गं."

"बाई, गेलेला दम परत येईल ना?" माईने विचारलं. विनवणीचा सूर तिच्या तोंडी कधी कुणी ऐकला नव्हता.

"गेलेला नाही येत. उरलेला राखता येईल तेवढा राखू."

सुनेने नवऱ्याच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं. दुसऱ्या बाजूने आधार द्यायला माई पुढे झाली.

"तुम्ही राहू द्या," सून म्हणाली.