मागची सीट

विठू भोईर आपल्या गॅरेजमध्ये अवकाशयान बांधतोय ही बातमी फुटली तेव्हा गाव हसलं, आणि हसण्यासारखंच होतं ते. रेल्वेतून रिटायर झालेला माणूस एक तर देवाच्या नादी लागतो, नाहीतर शेजाऱ्याच्या बांधाच्या. विठू यातलं काहीच न करता कुंभिवलीला भंगारवाल्यांकडे जाऊन बसायचा आणि संध्याकाळी टेंपोत पत्रा घालून घरी यायचा. गॅरेज गाडीसाठी बांधलं होतं. गाडी काही आली नाही, यान आलं.

यान म्हणजे उडणारं नव्हे, एवढी अक्कल त्याला होती. यानाची नुसती केबिन, चालक बसतो तेवढा भाग, पण पुऱ्या मापाचा. दोन माणसं आत बसतील, दार लावलं की बाहेरचं जग बंद. परदेशात कुणा हौशी माणसाने असलं काहीतरी घरी बांधलेलं त्याने मोबाइलवर बघितलं होतं. मोहोपाड्याच्या एका बंद कारखान्याचं कंट्रोल पॅनल भंगारात निघालं, ते याने उचललं. त्यावर इतके दिवे, काटे आणि बटणं होती की मोजता मोजता पोरं दमायची. पुढे बसची काच, काचेमागे मोठा टीव्ही. टीव्हीवर चंद्र, चांदण्या आणि पृथ्वी असा अकरा मिनिटांचा प्रवास. सीटा घाटात उलटलेल्या लक्झरीच्या, डाग घासून काढलेल्या. खाली टेंपोचे पाटे, म्हणजे स्प्रिंगा, आणि पिठाच्या गिरणीची मोटर, त्यामुळे बटण दाबलं की सगळं अंगासकट गदगदायचं.

सीटा मात्र शेजारी शेजारी नव्हत्या, एकीमागे एक होत्या. कुणी विचारलं तर विठू सांगायचा, गॅरेजची रुंदी कमी पडली. साफ खोटं. त्या रुंदीत बैलगाडी वळली असती.

खरं कारण घाटात होतं. कर्जतहून लोणावळ्याचा चढ गाडीच्या एका इंजिनाला झेपत नाही, म्हणून कर्जतला गाडीच्या मागे आणखी इंजिनं जोडतात. ती मागून ढकलतात. त्यांना बँकर म्हणतात. विठूने तेहतीस वर्षं बँकर चालवलं. पुढचा ड्रायव्हर सांगेल तेव्हा जोर लावायचा, तो सांगेल तेव्हा सोडायचा. पुढे बोगदा आहे, दरी आहे की लाल सिग्नल, ते पुढच्याला ठाऊक. विठूच्या समोर शेवटच्या डब्याची पाठ. ठाकुरवाडी स्टेशन आलं का हे बघायलासुद्धा बाजूच्या खिडकीतून मान बाहेर काढावी लागे. उतरताना मोकळ्या इंजिनातून सगळं दिसायचं म्हणा, पण मोकळ्या इंजिनाकडे कोण बघतंय? बढतीची परीक्षा त्याने दोनदा दिली, दोनदा नापास झाला, तिसऱ्यांदा फॉर्मच भरला नाही.

आणि त्याच घाटात मेल गाडीच्या पुढच्या इंजिनात कोण? तर बायकोचा, भागीचा, थोरला भाऊ मालोजी.

मालोजी वाईट माणूस असता तर गोष्ट सोपी होती. तो वाईट नव्हता. भागीच्या बाळंतपणात त्याने धावपळ केली, भाचीच्या, म्हणजे समिधाच्या लग्नात मांडवाचा अर्धा खर्च न सांगता उचलला. बहिणीचा नवरा म्हणून विठूला पाट पहिला मांडायचा, दाजी दाजी करायचा. फक्त त्याचा एक विनोद होता. दर भाऊबीजेला, ताट वाढलं की तो हसत विचारायचा, "काय दाजी, आज कुठला डबा बघितला?"

तीस वर्षं, एकच विनोद. घरचे हसायचे, विठूही हसायचा. समिधाच्या लग्नात मालोजीने तो नव्या व्याह्यांसमोर केला. "आमचे दाजी रेल्वेत हायत, पण पुढं काय चाललंय ते त्यास्नी इचारू नका!" व्याह्यांना हसता हसता ठसका लागला. नवरी मुलगीसुद्धा पदरात तोंड लपवून हसली. विठूने व्याह्यांना पाणी दिलं, आणि तांब्या हातात असतानाच मनाशी ठरवलं की या माणसाला एकदा मागे बसवायचं.

तेव्हा असा सगळा बेत होता. पुढची सीट विठूची, समोर चंद्र-चांदण्या. मागच्या सीटपुढे हातभर अंतरावर पत्रा, खालपासून वरपर्यंत. जुन्या डब्यांचा तो विटकरी रंग त्याने कर्जतच्या पेंटवाल्याकडून चार वेळा मिसळून घेतला, मनासारखा येईपर्यंत. वर एक बारका बल्ब, नीट दिसावं म्हणून. मालोजीला बसवायचं, दार लावायचं, अकरा मिनिटं गदगदवायचं, आणि उतरला की चार लोकांत विचारायचं: काय दादा, आज कुठला डबा बघितला? एवढ्या एका वाक्यासाठी या माणसाने तीन वर्षं आणि फंडातले बरेचसे पैसे घातले. खुळा म्हणा हवं तर. पण अपमान गिळून गिळून ज्याचं पोट भरलंय त्यालाच यातली चव कळेल.

मागचा भाग त्याने कुणाला दाखवला नाही. भागीलाही नाही. "पुरं झाल्याबिगर बघायचं नाय," म्हणाला. ती बिचारी गॅरेजच्या दाराशी चहा ठेवून परत जायची.

ज्येष्ठात मालोजीचा डावा डोळा गेला. साखरेने खाल्ला. पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं, उजव्याचं दिवाळीपर्यंत बघू. आत रक्त उतरलं की समोर लाल पडदा येईल, मग आशा धरू नका. मालोजीने हे फोनवर भागीला सांगितलं, आणि ती ओट्याला धरून रडत बसली. विठू शेजारीच उभा होता. त्याच्या मनात पहिली गोष्ट काय आली सांगू? दिवाळीच्या आत उरकलं पाहिजे. आंधळ्याला पत्रा दाखवून काय उपयोग?

मग विठूने कामाचा जो धडाका लावला त्याला तोड नाही. गणपतीत आरतीला उभा राहिला नाही. पत्र्याने तळवा फाटला, चार टाके पडले, तर दुसऱ्या हाताने वेल्डिंग करत बसला. आणि गावाने याचा अर्थ काय लावला? मेहुण्याचे डोळे जायच्या आत त्याला चांदण्या दाखवायच्या म्हणून माणूस जिवाचं रान करतोय! हसणारी माणसं आता हळहळू लागली. कुणी फुकट वायर आणून दिली, कुणी पंखा. भागी त्याच्या पानात तुपाची धार जास्त सोडू लागली. एक दिवस मालोजीचाच फोन आला. "दाजी, मी तुमची लई चेष्टा केली जल्मभर. आन तुमी माझ्यासाठी..." विठू "असूंद्या, असूंद्या" म्हणाला आणि फोन ठेवून मागच्या पत्र्याला रंगाचा दुसरा हात मारायला गेला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

भाऊबीजेला मालोजी रिक्षातून उतरला तो काठी टेकत. उजव्या डोळ्याने त्याला माणसांचे आकार दिसत होते, रंग दिसत होते. "हिरवी साडी नेसलीस व्हय गं?" म्हणाला, आणि भागीला केवढा आनंद झाला. तिने ओवाळलं. मग सगळे गॅरेजपाशी आले. आजूबाजूची वीसेक माणसं जमली होती.

"दादाला पुढं बसवा," भागी नवऱ्याला म्हणाली. "डोळ्यांत साठवून ठिवंल तो."

"पुढं ड्रायव्हर बसतो. मागून बी समदं दिसतं."

"आगं, पुढच्याचं ऐकायचं असतं," मालोजी हसून म्हणाला. "मी जल्मभर दाजींना हेच सांगत आलो."

लोक हसले. विठूच्या मनात कुठे खोल थोडी दया उरली असेल तर ती त्या हसण्याने पुसून टाकली. त्याने मेहुण्याला हाताला धरून मागे बसवलं, पट्टा बांधला, दार लावलं आणि पुढे येऊन बटण दाबलं. मोटर घुमली, दिवे लागले, काचेत चंद्र उगवला. विठू मागच्या आवाजाची वाट बघत राहिला. आता ओळखेल, आता शिवी देईल.

"दाजी."

"बोला दादा."

"चालू झालं का?"

"झालं की. चंद्र आलाय."

मग मालोजीचा आवाज आला, अगदी खालच्या पट्टीतला. "मला लाल दिसतंय, दाजी. निस्तं लाल."

विठूला आधी कळलंच नाही. मग कळलं. मेहुण्याने पत्रा ओळखला नव्हता. डॉक्टरांनी सांगितलेला पडदा उतरला असं त्याला वाटत होतं. 'दादा, तो पत्रा हाय' एवढं म्हणायचं होतं. लहान पोरालाही जमलं असतं.

"चांदण्या दिसतायत का तुमाला?" मालोजीने विचारलं.

"केवढ्या चांदण्या, दादा!" विठू म्हणाला. "तुमाला नाय दिसत?"

मागून नाक ओढल्याचा आवाज आला. मग मालोजी म्हणाला, "भागीला सांगू नका. सणाचा दिस हाय."

उरलेला सगळा वेळ विठू बोलत राहिला. चंद्रावरचे खड्डे सांगितले, पृथ्वी कशी निळीशार ते सांगितलं, टीव्हीवर नव्हतं तेही सांगितलं. तेहतीस वर्षं पुढचं सगळं दुसऱ्याने बघितलं, आज त्याची पाळी होती. आणि खोटं कशाला बोला, त्याला गोड वाटत होतं.

दार उघडलं तेव्हा मालोजीचे डोळे गच्च मिटलेले होते. भागीने हात दिला. "बघितलंस ना रं दादा?"

"बघितलं गं. समदं बघितलं." मिटल्या डोळ्यांनीच तो चार पावलं चालला. मग ऊन पापण्यांवर आलं, आणि त्याने डोळा उघडला. समोर हिरवी साडी होती, झेंडूचं तोरण होतं, माणसं होती. तो तसाच उभा राहिला. मग वळून त्या यानाकडे, त्याच्या मागच्या दाराकडे आणि आत अजून जळणाऱ्या बारक्या बल्बाकडे त्याने बराच वेळ बघितलं. शेवटी विठूकडे बघितलं.

विठूच्या ओठांवर ते वाक्य होतं. तीन वर्षं घोटलेलं, आणि ऐकायला चार लोकही हजर होते. ते बाहेर पडलं नाही.

"आमच्या दाजींनी चंद्र दाखवला," मालोजी लोकांना म्हणाला. त्याने विनोद केला नाही. काठी घेऊन तो ओट्यावर जाऊन बसला.

"मला बी बसायचंय," भागी म्हणाली. "दादा बसला तितंच."

"नको गं," मालोजी ओट्यावरून उठलाच. "भोवळ येते."

"तुला नाय आली, मला कशी यील?"

"आधी जेवणं होऊं द्या," विठू म्हणाला.

"भागी, ऐक माझं, नको," मालोजीने तिचं मनगट धरलं. पण लोकांना ऊत आला होता, वैनीला बसवा, वैनीला बसवा. भागी लाजत, हसत हात सोडवून आत गेली आणि तिने स्वतःच दार ओढून घेतलं.

विठू पुढे जाऊन बसला. त्याचं बोट बटणापाशी थांबलं होतं.

"दादा हितंच बसला व्हता?" भागीने विचारलं.

"हां."

"लावा."

चंद्र आला, चांदण्या आल्या, पृथ्वी आली. विठूला त्यातलं काही दिसलं नाही. त्याचे कान मागे होते. ती रडली असती, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. अकरा मिनिटं संपली, टीव्ही काळा झाला.

"भागी, चल गं," तो म्हणाला. "पानं वाढायची हायत. दादा उपाशी हाय."

"परत लावा."

त्याने लावलं. दुसऱ्यांदा संपलं तेव्हा बाहेरची माणसं पांगली होती. तिसऱ्यांदा संपलं तेव्हा मालोजी दारावर हात आपटून बहिणीला हाका मारत होता.

"भागी, चुकलं माझं," विठू म्हणाला. मान वळवायची त्याची हिंमत झाली नाही.

"परत लावा," भागी म्हणाली.