लांडग्यांच्या वेळेचा पहारा

माझी मालकीण शाळेच्या शेवटच्या परीक्षेत गणितात नापास झाली. मित्रांनो, हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही. असं काही झालेलं नाही. आमच्या घरी निकाल अजून लागायचा आहे.

मी एक जुना हेडफोन आहे. डाव्या कानाने चालतो, उजव्या कानाने फक्त शोभतो. माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे एका बाईंनी मला यंत्राला जोडलं, यंत्राने 'ट्यूं' केलं, मी ते ऐकवलं आणि बाईंनी माझ्यावर 'पास' असा शिक्का मारला. आमच्यात एवढ्यावर पास करतात. मला वाटायचं, सगळीकडे असंच असेल.

आईने मला विकत आणलं ते अभ्यासासाठी. पहिल्याच संध्याकाळी मालकीण माझ्या माइकमध्ये ओरडली, "मागून या रे, मला मारतायत!" शेजारचे काका हातात झाडू घेऊन धावत आले.

"गेम खेळतेय ती," आई म्हणाली.

काकांनी झाडू पाठीमागे लपवला. "मग जरा हळू मार खा म्हणावं."

खेळणारी तिघं होती, एकाच वर्गातली. माझ्या मालकिणीला बाकीचे दोघं 'भिंत' म्हणत, कारण खेळात ती मोठी ढाल घेऊन सगळ्यांच्या पुढे उभी राहायची. दुसरी 'पट्टी'. ती जखमींना बरं करायची. तिसरा 'नेमबाज'. त्याचं हे नाव चेष्टेने पडलं होतं.

"नूब, नवशिक्या कुठला, कुठे मारतोयस? झाडाला लागली ती गोळी!"

"झाडानेच आधी बघितलं माझ्याकडे."

त्या खेळाची एक खोड होती. खेळणारा उठून गेला तरी त्याचं पात्र तिथंच राहायचं, डोळे मिटून, उभंच्या उभं. संध्याकाळी लांडगे येत आणि अशा मिटल्या डोळ्यांच्या माणसांना खाऊन टाकत. एकदा खाल्लं की संपलं. वर्षभराची कमाई गेली, पुन्हा नव्या नावाने जन्म घ्या. म्हणून तिघांनी नियम केला होता. उठताना 'एएफके' म्हणायचं, म्हणजे मी जागेवर नाही. आणि जो जागेवर नाही, त्याला सोडून जायचं नाही.

लांडगे नेमके अभ्यासाच्या वेळेला येत. गेम बनवणाऱ्यांना मुलांचे आईबाप भेटून गेले असावेत.

"एएफके," पट्टी म्हणायची. "अर्धं जीवशास्त्र बाकी आहे गं."

"जा. मी आहे."

"मी पण एएफके," नेमबाज म्हणायचा. "बाबा दारात उभे आहेत. चपलेसकट."

"पळ. मी आहे."

"आणि तुझा अभ्यास?"

"माझा झालाय. तुम्हीच स्लो आहात."

झाला नव्हता. गणिताचं पुस्तक कुठे होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. ते माझ्याखाली होतं. मला ठेवायला ती तेच वापरायची.

तिला आळशी म्हणू नका. पट्टीला नर्स व्हायचं होतं. नेमबाजाला मामाच्या गावी लेथ मशीनचं काम शिकायला जायचं होतं. भिंतीला काय व्हायचं होतं, हे तिचं तिलाच माहीत नव्हतं. घरी आत्या आली की विचारायची, "मग, पुढे काय?" भिंत लगेच मला कानावर चढवायची. अशा वेळी माझ्यातून काहीही वाजत नसे. शेवटच्या वर्षात मी सर्वांत जास्त वाजवली ती शांतता.

एकदा तिने माइकमध्ये विचारलं, "पुढच्या वर्षीही आपण रोज येऊ ना?"



"लॅग आहे वाटतं," नेमबाज म्हणाला. "आवाज तुटतोय तुझा."

लॅग नव्हता. माझी वायर तेव्हा धडधाकट होती.

निकालाच्या दिवशी तिघंही आले. पट्टी किंचाळली, नेमबाजाने आनंदात एका झाडावर सगळ्या गोळ्या संपवल्या. त्या दिवशी मात्र एकही चुकली नाही.

"भिंत, तुझं काय?"

माइक तिच्या ओठांजवळ होता. तिने तो बोटाने जरा दूर सारला.

"पास रे. तुम्हाला काय वाटलं?"

"जीजी!" दोघं ओरडले. जीजी म्हणजे मस्त खेळलो. हे खेळ संपल्यावर म्हणतात.

ते दोघं आपापल्या वाटेला लागले आणि घरात निकाल लागायचा थांबला. काका विचारत, "अजून नाही? आमच्या पुतण्याचा तर केव्हाच लागला."

"त्याचा लवकर लागला," आई म्हणायची आणि दार लोटून घ्यायची. मग स्वयंपाकघरात एखादं भांडं जरा जोरात ठेवलं जायचं.

भिंत मात्र रोज संध्याकाळी मला कानावर घालून पहाऱ्याला उभी राहायची. मागे मिटल्या डोळ्यांची दोन पात्रं, पुढे लांडगे. पट्टी आली नाही. नेमबाज आला नाही. एकदा खुर्चीच्या चाकाखाली माझी वायर सापडली आणि माझा उजवा कान गेला. तिचे बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांनी वायर जोडून वर काळी टेप गुंडाळली आणि तपासायला मला स्वतःच्या कानावर ठेवलं. डावा कान वाचला, उजवा काही परत आला नाही.

"यात काय करतेस तू?"

"उभी राहते."

"कोणासाठी?"

तिने पडद्यावरची दोघं दाखवली. बाबा वाकून बघत राहिले.

"आम्ही लिफ्टवर काम करतो ना, तेव्हा एक जण खाली उभा असतो. कोणी बटण दाबू नये म्हणून. वरचा माणूस उतरला की खालच्यानेही घरी जायचं असतं." त्यांनी मला कानावरून गळ्यात उतरवलं. "हे दोघं उतरलेत का गं?"

"उतरलेत," ती म्हणाली. "कधीच."

मग ती रडली. मी तेव्हा बाबांच्या गळ्यात होतो, त्यामुळे मलाही ते नीट ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने मला उचललं आणि माझ्याखालचं पुस्तक काढून घेतलं. टेबल इतकं थंड असतं हे मला पहिल्यांदाच कळलं. जाताना तिने माझ्या माइकमध्ये हळूच म्हटलं, "एएफके." 'जा, मी आहे' म्हणायला पलीकडे कोणीच नव्हतं. मी म्हटलं असतं, पण मी हेडफोन आहे.

लांडगे आले. मी एका कानाने सगळं ऐकलं. आधी त्यांनी भिंतीला खाल्लं, कारण ती पुढे उभी होती. मग मागच्या दोघांना.

आतल्या खोलीतून आवाज येत होता. "बाबा, हे सूत्र कुठून आलं?"

"मला काय विचारतेस, मी लिफ्टवाला. दोघं मिळून शोधू."

मित्रांनो, हेडफोनची वायर हळुवार गुंडाळत जा. आणि तुमच्यासाठी कोणी उभं असेल, तर उतरल्यावर त्याला तेवढं कळवत जा.

आता राहिला माझा अर्ज. सबब, माननीय परीक्षा प्रमुखांना विनंती की, सदर विद्यार्थिनी वर्षभर दोन वर्गमित्रांच्या अभ्यासाच्या वेळी लांडग्यांसमोर विनातक्रार उभी होती, हे ध्यानात घेऊन तिला गणितात कमी पडलेले गुण पहाऱ्यापोटी देण्यात यावेत. साक्षीदार म्हणून अर्जदाराचा डावा कान केव्हाही तपासणीसाठी हजर राहील. तसेच वर नमूद केलेल्या लांडग्यांना शक्य झाल्यास समज देण्यात यावी.

आपला आज्ञाधारक,
एक हेडफोन (पास)